लाळेआधीचा अर्धा तास

त्या बाईंनी रात्रभराच्या एसटीत थर्मास मांडीवरून खाली ठेवला नव्हता. आत बर्फ होता आणि बर्फात प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारून ठेवलेल्या रक्ताच्या सहा नळ्या. एक नवऱ्याची, एक स्वतःची, एक आजारी मुलीची आणि तीन तिच्या भावंडांच्या. घर धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर. मुलीला सिकलसेल, वर्षातून चार-पाचदा अंग दुखून दुखून दवाखान्यात भरती व्हायची. भावंडांपैकी कुणाचं जुळलं तर अस्थिमज्जा बदलता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सगळ्या घराला मुंबईला आणणं परवडणारं नव्हतं. म्हणून रक्त तिकडंच काढून घेतलं आणि आई एकटी निघाली.

नमुने घेणाऱ्या खिडकीवर पिशवीची गाठ सुटली, नळ्या उजेडात धरल्या गेल्या आणि तशाच पिशवीत परत गेल्या. झाकणं हिरवी होती. दाता जुळतो का हे पाहायला पेशींवरच्या ओळखीच्या खुणा तपासतात, तिला एचएलए टायपिंग म्हणतात आणि त्याला जांभळ्या झाकणाची नळी लागते. हिरव्या नळीत हेपॅरिन असतं आणि ते डीएनएच्या तपासणीत आडवं येतं. तालुक्याच्या ठिकाणी रक्त काढणाऱ्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.

“ताई, रक्त ते रक्तच ना? झाकणाच्या रंगानं काय होतं?”

मी तेव्हा त्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात होते. जमेल तसं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की परत काढायचं म्हणजे धाकट्याला परत धरून ठेवावं लागणार का. धाकटा चार वर्षांचा. पहिल्या खेपेला शीर सापडेपर्यंत त्याला तीनदा टोचलं होतं.

त्या सहा नळ्यांतून आम्हाला जे हवं होतं ते सहाही जणांच्या गालांच्या आतल्या बाजूला होतं. कापसाची काडी गालाच्या आतून मिनिटभर फिरवायची, वाळवायची, कागदी पाकिटात घालायची. ते पाकीट टपालानं आलं असतं. बर्फ नको, थर्मास नको, रात्रभर जागायला नको. ही सोय जगात काही वर्षांपासून रुळलेली होती. आमच्या खिडकीवर ती नव्हती, कारण तिथल्या छापील फॉर्मवर नमुन्याच्या रकान्यात ‘रक्त’ असं आधीच छापलेलं होतं.

माझं म्हणणं त्या छापील शब्दाबद्दल आहे. प्रत्यारोपणासाठी करायच्या जनुकीय तपासणीची पहिली फेरी लाळेवर व्हावी आणि रक्त जिथं खरोखर लागतं तिथंच मागावं. लाळ म्हणताना मी दोन्ही धरते, नळीत थुंकून दिलेली लाळ आणि गालातून फिरवलेली काडी. पण याला जोडूनच दुसरं म्हणणं आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लाळ घेणं इतकं सोपं आहे की त्यामागचा होकारही तितकाच सोपा समजला जाण्याची भीती आहे. त्याकडे पुढे येते.

रक्ताचीच सवय का पडली, याला एकेकाळी पक्कं कारण होतं. १९५८ साली पॅरिसमध्ये जाँ दोसे यांनी माणसाच्या पांढऱ्या पेशींवरची पहिली अशी खूण ओळखली, जिच्यावरून शरीर आपलं कोण आणि परकं कोण हे ठरवतं. त्याबद्दल १९८० चं नोबेल त्यांना दोघा शास्त्रज्ञांबरोबर मिळालं. पुढे १९६४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पॉल तेरासाकी यांनी या खुणा तपासायची एक सुटसुटीत पद्धत बसवली. प्लॅस्टिकच्या लहानशा तबकडीत बारीक खळगे. प्रत्येक खळग्यात थेंबभर पांढऱ्या पेशी, थेंबभर ओळखीचं प्रतिद्रव्य आणि नंतर सशाच्या रक्तातले पूरक घटक, जे प्रतिद्रव्य चिकटलेल्या पेशीला मारतात. पेशी मेल्या तर खूण आहे, जगल्या तर नाही. जगभरातल्या प्रयोगशाळा पुढची कित्येक वर्षं याच तबकडीवर चालल्या.

या पद्धतीची अट एकच, पेशी जिवंत हव्यात. मेलेली पेशी दुसऱ्यांदा मरून काही सांगू शकत नाही. म्हणून रक्त हवं, तेही ताजं, न गोठलेलं आणि एक-दोन दिवसांत पोचलेलं. हिरव्या झाकणाच्या नळीला त्या काळी मान होता, कारण हेपॅरिनमध्ये पेशी चांगल्या टिकत. धडगावहून आलेल्या त्या नळ्या अगदीच चुकीच्या नव्हत्या. त्या जुन्या तपासणीच्या होत्या.

मग पीसीआर आलं, डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत. कॅरी मलिस यांना ही कल्पना सुचली १९८३ मध्ये आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत एचएलएची तपासणी पेशीच्या पृष्ठभागावरून उठून पेशीच्या आतल्या डीएनएवर गेली. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर बसलेली असतात आणि केंद्रक असलेल्या प्रत्येक पेशीत ती सारखीच असतात. पेशी जिवंत असायची गरज संपली. ती रक्तातलीच असायची गरजही संपली. जुन्या पद्धतीत काही मोजक्या खुणा ओळखता येत, आता या जनुकांचे ४० हजारांहून जास्त प्रकार नोंदले गेले आहेत आणि ते अक्षर न् अक्षर वाचता येतात. एवढं सगळं बदललं, फॉर्मवरचा तो एक शब्द मात्र तसाच राहिला.

मला वाटतं, यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. रक्ताला मराठीत मोठा मान. नातं रक्ताचं, दान रक्ताचं, कष्ट करायचे तर रक्ताचं पाणी करून. लाळेच्या वाट्याला काय आलं? लाळ घोटणं, लाळ गाळणं, थुंकी झेलणं. त्यातून आपल्याकडे उष्ट्याचा विचार मुरलेला. एका शिबिरात एक गृहस्थ मला म्हणाले होते, “ताई, पुण्यकर्माला थुंकी कशी द्यायची? रक्त मागा, आत्ता देतो.” ते मनापासून बोलत होते, त्यांना लाळ देणं हलकं वाटत होतं. त्यांना मी सांगितलं की जीव वाचवायला लागतात त्या पेशी पुढे रक्तातूनच घ्यायच्या आहेत, आत्ता फक्त तुमची ओळख लिहून घ्यायची आहे. ते बसले. पण असे किती जण न बोलता उठून जात असतील, हे मला अजून सतावतं.

डॉक्टरमंडळींची शंका वेगळी असते. लाळेत डीएनए पुरेसा मिळतो का, शुद्ध मिळतो का? शंका रास्त आहे. गालातून फिरवलेल्या काडीवर डीएनए रक्तापेक्षा कमी मिळतो आणि तोंडातल्या जिवाणूंचा डीएनए त्यात मिसळलेला असतो. पण तपासणीत माणसाच्या एचएलए जनुकांनाच पकडणारे डीएनएचे छोटे धागे वापरतात, त्यामुळे जिवाणू बाजूला पडतात. नळीत जमा केलेल्या लाळेत तर पांढऱ्या पेशींचा मोठा वाटा असतो. त्या हिरड्यांतून आणि तोंडाच्या अस्तरातून सतत लाळेत उतरत असतात. म्हणजे लाळ घेताना आपण एका अर्थानं न टोचता रक्तातल्याच पेशी घेत असतो. नळीत टिकाऊ द्रावण असलं की हा नमुना साध्या तापमानाला बराच काळ राहतो. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या उन्हाळ्यात याचं मोल काय, ते थर्मास घेऊन आलेल्या माणसाला विचारावं.

जगातल्या मोठ्या दाता-नोंदणी संस्था नव्या दात्यांची नोंद आता मुख्यतः काडीवर किंवा लाळेवरच करतात. जर्मनीत १९९१ मध्ये सुरू झालेली डीकेएमएस घरपोच काड्या पाठवते. आपल्याकडे २००९ पासून चेन्नईहून काम करणारी दात्री काडी वापरते. डीकेएमएसची बंगळुरूमधली भारतीय शाखा थॅलेसेमियाच्या मुलांच्या घरच्यांचे नमुने काडीवरच घेते. तेव्हा लाळेवर टायपिंग होतं का, हा प्रश्न उरलेलाच नाही. आपल्या जिल्हा रुग्णालयांपर्यंत आणि नमुन्यांच्या खिडक्यांपर्यंत ही गोष्ट का पोचत नाही, हा प्रश्न आहे.

काही रुग्णांच्या बाबतीत तर लाळ रक्तापेक्षा जास्त खरं सांगते. रक्ताच्या कर्करोगात रक्तातल्या बहुतेक पेशी कर्करोगाच्याच असू शकतात आणि त्या पेशी कधी कधी सहाव्या गुणसूत्राचा एचएलए असलेला तुकडाच गमावून बसतात. अशा रक्तावर तपासणी केली तर रुग्णाच्या आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन खुणांपैकी एकच दिसते आणि चुकीच्या अहवालावर दाता शोधायला सुरुवात होते. तेव्हा गालातल्या काडीवरून खातरजमा करावी लागते. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी इतक्या खाली येतात की नळीभर रक्तातूनही पुरेसा डीएनए निघत नाही, तिथंही गाल कामाला येतो. आणि थॅलेसेमियाची मुलं? दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवून चढवून त्यांच्या हातांवर शीर उरलेली नसते. नर्स हाताच्या पाठीवर टिचक्या मारत असते, आई तोंड फिरवून उभी असते. जी सुई टाळता येते ती त्या हाताला का टोचायची?

आता आपल्याकडची खरी अडचण. महाराष्ट्रात लाळेचा नमुना घ्यायचा म्हणजे आधी तंबाखूशी गाठ. मिश्री, गुटखा, मावा, पान, चुना. तोंड तपकिरी झालेलं असलं की काडीवर पेशींपेक्षा तंबाखूच जास्त येते आणि तिच्यातली रसायनं तपासणी बिघडवतात. वर्षानुवर्षं गुटखा खाऊन ज्यांचा जबडा उघडत नाही, त्यांच्या गालात काडी जाणंच मुश्कील. म्हणून नियम असा, की नमुन्याआधी अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही, चघळायचं नाही, आणि त्याआधी खळखळून चूळ भरायची. शिबिरात सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. स्वयंसेवक वैतागतात. रांग लांबते. हा अर्धा तास मला मात्र देणगीसारखा वाटतो. का, ते पुढे सांगते.

लाळेची गरज कुणाला सगळ्यात जास्त आहे, हे पाहायला दाता-नोंदणीचं चित्र पुरे. जगभरात ४ कोटींहून जास्त लोकांनी रक्तमूळपेशी, म्हणजे अस्थिमज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी, द्यायची तयारी दाखवून नाव नोंदवलं आहे. एकट्या जर्मनीत हा आकडा एक कोटीच्या आसपास आहे. आपल्या देशातल्या सगळ्या नोंदण्या मिळून तो काही लाखांत आहे. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तीन भावंडं असली तर त्यांतलं निदान एक जुळण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त. ज्यांना घरात कुणी जुळत नाही त्यांना परक्याकडे पाहावं लागतं. अमेरिकेतल्या नॅशनल मॅरो डोनर प्रोग्रामच्या हिशेबानुसार तिथल्या गोऱ्या रुग्णाला नोंदणीत पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७९ टक्के, आशियाई वंशाच्या रुग्णाला ४७ टक्के आणि कृष्णवर्णीय रुग्णाला २९ टक्के. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या मुलाला ल्युकेमिया झाला तर तो या ४७ टक्क्यांच्या रांगेत उभा असतो आणि त्याच्याशी जुळणारा माणूस बहुधा साताऱ्यात किंवा सोलापुरात कुठंतरी असतो, नाव न नोंदवलेला.

आपल्याकडे लग्नं जातीत, पोटजातीत, ठरावीक गावांत होत आली. एचएलएच्या खुणाही त्यामुळे त्या त्या समाजात साठत गेल्या. सिंधी समाजातल्या थॅलेसेमियाच्या मुलासाठी दाता बहुधा सिंधी समाजातच सापडणार, भिल्ल किंवा पावरा मुलीसाठी त्यांच्याच समाजात. आणि नोंदणीची शिबिरं मी जी पाहिली ती कुठं होती? पुण्यातल्या आयटी कंपन्यांत, इंजिनिअरिंग कॉलेजांत, मुंबईच्या मोठ्या कार्यालयांत. ती व्हायलाच हवीत. पण मेळघाटातली मुलगी त्या यादीत कधीच जुळणार नाही, कारण तिच्यासारखं कुणी त्या यादीत नाही. रक्त घेऊन, थंड ठेवून, दोन दिवसांत पोचवायचं म्हटलं तर ती यादी कधी धारणीला आणि अक्कलकुव्याला जाणारच नाही. काडी जाऊ शकते. आशाताईंच्या पिशवीत बसते.

हे अवघड आहे असं कुणी म्हटलं तर मी नागपूरकडे बोट दाखवते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, तिथल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं मिठाच्या पाण्यानं गुळण्या करून नमुना घ्यायची पद्धत दिली आणि आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, ती मान्य केली. नाकात काडी खुपसायला नको, प्रशिक्षित माणूस नको, लोकांनी आपला नमुना आपण द्यायचा. ती विषाणूची तपासणी होती, जनुकांची नव्हे. पण नमुना बदलला की तपासणी किती दूरवर जाते, हे आपण आपल्याच राज्यात पाहिलं आहे. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये शहडोलहून सुरू झालं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य घेऊन. ती तपासणी बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर होते आणि तिथं रक्तच लागतं. पण त्याच पथकाला एखाद्या घरात सिकलसेलचं मूल सापडलं आणि घरच्यांची इच्छा असली, तर भावंडांच्या काड्या त्याच फेरीत का घेऊ नयेत? मूल मोठं होऊन अवयव निकामी व्हायला लागण्याआधी घराला कळेल की आपल्याकडे दाता आहे की नाही.

रक्त कुठं लागतंच, तेही सांगायला हवं, नाहीतर माझं म्हणणं अर्धवट राहील. किडनी बसवण्याआधीचं क्रॉसमॅच लाळेवर होत नाही. त्यात दात्याच्या जिवंत पेशी आणि रुग्णाचं रक्तद्रव समोरासमोर आणावं लागतं. रुग्णाच्या अंगात दात्याविरुद्धची प्रतिद्रव्यं आहेत का, हे रक्तच सांगतं. एचआयव्ही, कावीळ यांच्या तपासण्या रक्तावर. मेंदूमृत दात्याच्या बाबतीत हातात काही तास असतात, तिथं काडीचा विषयच येत नाही. आणि ज्याचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण आधीच झालं आहे त्याची लाळ फसवी असते. त्याच्या रक्तपेशी आता दात्याच्या असतात, त्याच पेशी लाळेत उतरतात आणि नळीत दोन माणसं एकत्र येतात. अशा रुग्णाचं मूळ डीएनए हवं असेल तर केसाचं मूळ किंवा नख पाहावं लागतं. प्रत्यारोपणाआधी निवडलेल्या दात्याची दुसऱ्या ताज्या नमुन्यावर पुन्हा खात्री करायची, हा जगभरचा नियम आहे, आणि तो राहिलाच पाहिजे. पहिला नमुना लाळेचा, दुसरा रक्ताचा, दोन्ही वेगवेगळ्या दिवशी घेतलेले, यात नमुन्यांची अदलाबदल पकडली जाते. नळ्या बदलल्या जातील म्हणून लाळ नको म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे.

आता त्या अर्ध्या तासाकडे.

सुई टोचताना माणूस क्षणभर थांबतो. दंडाला पट्टा बांधला जातो, तो विचारतो कशासाठी, किती काढणार. काडीला असा थांबा नाही. कॉलेजात मित्रांबरोबर हसत हसत गालातून काडी फिरवली, सेल्फी काढला, संपलं. तीन वर्षांनी फोन येतो की कुठल्यातरी शहरातल्या एका रुग्णाशी तुमचं जुळलं आहे. तोवर नोकरी लागलेली, लग्न ठरलेलं, घरचे म्हणतात नसती भानगड नको. असे नकार मी फोनवर ऐकले आहेत. त्या मुलांवर मला राग धरता येत नाही, कारण काडी फिरवताना त्यांना कुणी बसवून सांगितलं नव्हतं की पाच दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतील, अंग दुखेल, मग काही तास यंत्राला जोडून बसावं लागेल. आणि हेही कुणी सांगितलं नव्हतं की एका टप्प्यानंतरचा नकार जिवावर बेततो. रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा औषधांनी जाळून टाकलेली असते, दात्याच्या पेशी आल्या नाहीत तर त्याच्याकडे काहीच उरत नाही.

परक्यासाठी नाव नोंदवणाऱ्याची ही गोष्ट. घरातल्या घरात प्रकरण आणखी नाजूक. किडनीच्या रुग्णासाठी घरातल्या कुणाची तपासणी करायची हे ठरतं तेव्हा सून, बायको, बहीण यांना विचारलं जातं की सांगितलं जातं? १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांत अवयव मिळालेल्या बायका ६,९४५ होत्या, हा नोटो या अवयव प्रत्यारोपणाच्या राष्ट्रीय संस्थेचाच आकडा आहे. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त. रक्त द्यायला तिला निदान दवाखान्यात तरी आणावं लागतं, तिथं एखादी नर्स, एखादी समाजसेविका तिला एकटीला गाठून विचारू शकते. कुरिअरनं घरी आलेली काडी स्वयंपाकघरातच सगळ्यांसमोर फिरवली जाईल, आणि तिनं नाही कुणाला म्हणायचं? अहवालात ‘जुळतं’ असं आल्यावर तर नाही म्हणायची वेळ निघून गेलेली असते. म्हणून नात्यातल्या दात्याची लाळ घरी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. गावात घ्या, उपकेंद्रात घ्या, पण त्या माणसाशी एकट्यानं बोलून झाल्यावर घ्या. आणि तो किंवा ती नको म्हणाली तर घरच्यांना फक्त ‘दाता म्हणून योग्य नाही’ एवढंच कळवलं जावं. चांगले डॉक्टर हे आजही करतात. ते एखाद्या डॉक्टरच्या चांगुलपणावर सोडू नये, फॉर्ममध्येच छापावं.

आणखी एक गोष्ट आहे जी शिबिरात कुणी उच्चारत नाही. घरातल्या सगळ्यांचं एचएलए टायपिंग केलं की मुलाकडे अर्धी खूण आईची आणि अर्धी बापाची दिसली पाहिजे. कधी कधी बापाची दिसत नाही. प्रयोगशाळेतल्या माणसाला ते एका नजरेत कळतं. मग हे कुणाला सांगायचं? माझं उत्तर, कुणालाच नाही. उपचाराला लागतं तेवढंच कळवायचं, आणि हे आधी लिहून ठेवलेलं असायचं. एका लहान गावात या एका ओळीनं एका बाईचं आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकतं, आणि ती बाई आपल्या आजारी मुलासाठी काडी फिरवायला आलेली असते.

नमुन्याचं पुढे काय होतं, हा त्यानंतरचा प्रश्न. लाळेत माणूस पुरता लिहिलेला असतो. नुसत्या एचएलए खुणांवरूनही मणक्याच्या एका आजाराचा धोका, फिटच्या एका औषधानं अंगाची कातडी सोलून निघण्याचा धोका कळतो. अमेरिकेत ट्वेंटी-थ्री-अँड-मी या कंपनीला दीड कोटी लोकांनी हौसेनं लाळ पाठवली. २०२३ मध्ये त्यांतल्या ६९ लाखांची माहिती चोरांच्या हाती गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. मग लोकांच्या जनुकांची माहिती इतर मालमत्तेसारखी विकायला निघाली. ते लोक रुग्ण नव्हते, दाते नव्हते. आपल्याकडे आजारी मुलाच्या आईला तर फॉर्मवर सही करण्यावाचून पर्यायच नसतो. आपला डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, पण त्यात जनुकीय माहितीसाठी वेगळा, अधिक कडक असा वर्ग नाही. आधीच्या मसुद्यात संवेदनशील माहितीची वेगळी वर्गवारी होती, ती गळाली. डीएनए तंत्रज्ञानाचं विधेयक त्याच वर्षी मागे घेतलं गेलं. तेव्हा प्रत्यारोपणासाठी दिलेली लाळ प्रत्यारोपणासाठीच वापरायची, काम झाल्यावर उरलेला डीएनए नष्ट करायचा आणि संशोधनासाठी हवा असेल तर वेगळी सही घ्यायची, एवढं राज्य सरकारला आजही आपल्या रुग्णालयांपुरतं नियमात घालता येईल. त्यासाठी दिल्लीची वाट पाहायला नको.

हे सगळं सांगायला वेळ कुठं आहे, असं शिबिर घेणारे विचारतात. वेळ आहे. तंबाखू थुंकून, चूळ भरून माणूस अर्धा तास रिकामा बसलेलाच असतो. रक्त काढताना हा अर्धा तास मिळत नाही, लाळ तो देते. त्या वेळात त्याला मोबाइल बघत बसू देण्यापेक्षा त्याच्या भाषेत बोलणारं माणूस त्याच्याशेजारी बसवावं. पावरी बोलणाऱ्याशी पावरीत, गोंडी बोलणाऱ्याशी गोंडीत. अर्ध्या तासानंतर त्यालाच विचारावं की आपण काय देतोय आणि पुढे काय होऊ शकतं, सांग बघू. सांगता आलं तरच पाकीट फोडावं.

धडगावच्या त्या घराचं पुढे काय झालं, हे राहिलं. दुसऱ्या खेपेला आम्ही एका संस्थेकडून काड्या मिळवून पाठवल्या आणि त्या आठवड्यात टपालानं परत आल्या. धाकटा त्या काडीशी खेळला म्हणे. तिघांपैकी कुणाचंही जुळलं नाही. नोंदणीत शोधलं, तिथंही नाही. मुलगी गोळ्यांवर आहे, गोळ्या चालू झाल्यापासून दुखणं थोडं कमी आहे.

गेल्या हिवाळ्यात शहाद्याच्या बाजूला एका आश्रमशाळेत आम्ही चौघींनी लहानसं नोंदणी शिबिर घेतलं. तिशीतली एक बाई आली, मिश्री लावलेली. हापशावर जाऊन तिनं तीन-चारदा चूळ भरली, दात बोटानं घासले आणि पदराला तोंड पुसत चिंचेखाली येऊन बसली. माझ्याबरोबरची मुलगी तिच्याशी पावरीत बोलत होती. इंजेक्शनांचं सांगितलं, यंत्राचं सांगितलं, रुग्ण कोण ते आधी कळणार नाही हेही सांगितलं. तिनं विचारलं, बोलावणं आलं आणि नवरा नको म्हणाला तर? मुलगी म्हणाली, तेव्हा नाही म्हणायचा तुझा हक्क आहे, पण उशिरा नाही म्हटलंस तर तिकडे एक माणूस दगावू शकतो, म्हणून आजच विचार कर. ती बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढत बसली. मग म्हणाली, घरी विचारून उद्या येते, आणि उठली.

वीस मिनिटं झाली होती. तिच्या नावाचं पाकीट आम्ही न फोडता खोक्यात परत ठेवलं, वर तारीख लिहून.